त्रेसष्टावा नेम

"पुढे," दादा म्हणाले आणि प्रुफाचं पान वहिनींकडे सरकवलं.

"पुढे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पानाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

पान सूनबाईसमोर येऊन थांबलं. मांडीवर सात महिन्यांची फुगी होती आणि फुगीच्या मुठीत आईच्या चष्म्याची काडी होती, त्यामुळे सूनबाईनं एकाच काचेतून वाचलं, तेही मनातल्या मनात. या टेबलावर मोठ्यानं वाचण्याचा काय अर्थ होतो, हे सासरच्या प्रत्येकानं तिला आठवडाभर पढवलं होतं.

नेम नववा. सकाळी पहिल्या हाकेला उठावे.

"पहिल्या हाकेला म्हणजे कुणाच्या?" तिनं विचारलं. "हिच्या म्हणाल, तर मी दिवसाला शंभर वेळा उठते. पण पहिल्या हाकेला नाही. पहिल्या हाकेला मी झोपेचं सोंग घेते. वाटतं, ह्याला जाग येईल."

"येते का?" वहिनींनी आपल्या मुलाची चौकशी केली.

"तोही सोंग घेतो."

"मला सगळं ऐकू येतंय!" खालून, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "आणि कागद लावून तासभर झालाय. पहिला फर्मा, निदान पहिली सोळा पानं तरी, देणार आहात का, की मी यंत्रावर पडून खरंच झोपू?"

"पुढे," सूनबाई म्हणाली आणि फुगीच्या केसांत तोंड लपवून हसली.

पान दादांच्या बहिणीकडे, आत्याकडे गेलं. आत्यानं चष्मा नाकावर चढवला, पेन्सिलीचं टोक अक्षरांखाली धरलं आणि आवाज न चढवता वाचलं, "सकाळी पहिल्या हाकेला उठावे. पूर्णविराम."

"बरोबर," दादा म्हणाले. त्यांचं बोट गेल्या आवृत्तीच्या त्याच ओळीवर होतं. आत्यानं समासात बारीक खूण केली आणि नववा नेम आणखी एका आवृत्तीपुरता जगला.

हा रिवाज माईंचा, म्हणजे दादांच्या आईचा, अण्णांच्या बायकोचा. अण्णांच्या नेमांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांनी याच टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "बसल्या जागी लिहायचं तुम्ही आणि पाळायचं आम्ही होय? ज्यानं वर्षभर पाळला त्यानंच तो नेम मोठ्यानं वाचायचा. घरात एकही वाचणारा निघाला नाही, तर तो जगाला शिकवायचा आपल्याला काय अधिकार?" अण्णा लगेच कबूल झाले, कारण त्यांना घरच्यांची खात्री होती. त्याच दिवशी 'जेवताना बोलू नये' गेला. चौथ्या आवृत्तीला 'पाहुणा दाराबाहेर पडताच त्याच्याविषयी बोलू नये' गेला, आणि तो गेल्याचा आनंद घरानं पुढच्याच पाहुण्यावर साजरा केला. आज एकतिसावी आवृत्ती. नव्वदांचे एकाहत्तर उरले होते. माईंना जाऊन अठरा वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीत आत्या बसत होती, आणि गेल्या खेपेला एकाहत्तरांपैकी सव्वीस नेम तिनं एकटीनं वाचले होते.

टेबलाच्या टोकाला अण्णा तांबडी पेन्सिल घेऊन बसले होते. गेलेला नेम खोडायचा मान त्यांचा. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट. त्यांच्या पुस्तकातली वाक्यं शाळांच्या भिंतींवर रंगवलेली होती. इस्पितळात, टपाल कचेरीत, एका ठिकाणी तर वजनकाट्यावरसुद्धा.

नेम चौदावा आला. झोपलेल्याला विनाकारण उठवू नये. दादा, वहिनी दोघांनी पुढे ढकलला. सूनबाईनं पान धरलं आणि तिचा आवाज एकदम वर गेला. "झोपलेल्याला विनाकारण उठवू नये! पूर्णविराम! हा मी पाळलाय. कारण असतानासुद्धा उठवलं नाही. दूधवाला परत गेला तरी दार उघडायला उठले नाही, ही छातीवर झोपली होती म्हणून."

"बरोबर," दादा म्हणाले. अण्णांनी टेबलावर दोन बोटं वाजवली. ती त्यांची शाबासकी. सूनबाईला शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग विसावा. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावू नये.

"पुढे," वहिनी म्हणाल्या.

"अगं!" दादांनी बोट उचललं. "दर वर्षी हा तू वाचतेस. कुणाच्या पिशवीत डोकावलीस?"

"ते सांगायचा नेम नाही."

"माझ्या? माझ्या पिशवीत फक्त डबा असतो."

"डब्यात काय परत येतं तेही मला ठाऊक असतं. पान पुढे द्या."

आत्यानं तो नेम वाचला. मात्र वाचताना, टेबलाखाली असलेली आपली कापडी पिशवी तिनं पायानं हळूच आत ओढली.

*

त्या पिशवीत साप्ताहिकाच्या कचेरीतून आलेलं एक प्रूफ होतं.

आठ महिने दर गुरुवारी त्या साप्ताहिकात 'पाण्यात उतरलेली बाई' नावाची कथा हप्त्याहप्त्यानं येत होती. पंचावन्न वर्षांची एक विधवा कारकून गावाच्या तलावावर पोहायला शिकायला जाते, एवढीच गोष्ट. सुरुवातीला ती पायरीवर बसते. पाचव्या हप्त्यात घोट्यापर्यंत जाते. शिकवणारा माणूस विधुर, अबोल, शिट्टी गळ्यात घालून फिरणारा. लेखकाचं नाव छापून येई: 'कुणीतरी'. पुढच्या गुरुवारी शेवटचा हप्ता होता, आणि प्रुफाच्या शिरोभागी 'लेखिका' या शब्दापुढे संपादकानं कोरी जागा सोडून चिठ्ठी टाचली होती. 'आता पुस्तकही निघेल. खरं नाव घालायचं का? आज पाचपर्यंत प्रूफ परत हवं. नाव नसेल तर कुणीतरीच राहील, कायमचं.'

आत्याला नाव हवं होतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटावी याची तिला लाज वाटत होती आणि मजाही. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या होत्या. आपलं नाव छापलेलं तिनं एकदाच पाहिलं होतं, मतदारांच्या यादीत, आणि तिथंही ते चुकलेलं होतं.

पण नाव घालायचं म्हणजे आधी अण्णांना सांगायचं. आणि अण्णांनी याच आवृत्तीसाठी, याच कथेविरुद्ध, चार पानांची नवी प्रस्तावना लिहिली होती.

जिन्यावर पावलं वाजली. "उशीर झाला, क्षमा असावी!" म्हणत काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ. वय सत्त्याहत्तर, तरी अण्णांच्या तोंडी अजून 'धाकट्या'. दर आठवड्याला प्रार्थनेनंतर ते प्रवचन करत, आणि गेली तीन प्रवचनं त्यांनी पाण्यात उतरलेल्या बाईवरच झोडली होती. त्यांच्या काखेत एक जाड वही होती.

"प्रस्तावना वाचून झाली का?"

"तुझ्यासाठीच थांबलोय, धाकट्या. बस."

"अण्णा, मी पुन्हा सांगतो," दादा म्हणाले. "आधीच फर्म्याची सोळा पानं कधी पुरी बसत नाहीत, त्यात ही चार. पुन्हा कोरी पानं जातील. माझं ऐका, प्रस्तावना नको."

"पानांसाठी सत्य गिळायचं?" काकांनी विचारलं.

"गिळू नका, काका. आखडतं घ्या."

"सभागृह भरून वाहतंय आजकाल," काका अभिमानानं म्हणाले. "मागच्या खेपेला लोक खिडकीत बसले होते. समाजाला भूक आहे नीतीची."

"तुम्ही हप्ता सविस्तर सांगता ना आधी, म्हणून," सूनबाई साळसूदपणे म्हणाली. "आमच्या औषधांच्या दुकानात एक बाई म्हणत होत्या, साप्ताहिक विकत घ्यायला नको, प्रवचनाला गेलं की कळतं."

वहिनींना ठसका लागला. दादा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले, गरजेपेक्षा जरा जोरात.

*

प्रस्तावना वाचायला नेम पाळावा लागत नसे. ती मुद्रितशोधकानं वाचायची, म्हणजे आत्यानंच. ती वाचू लागली. पहिलं पान समाजावर होतं, दुसरं धर्मावर, तिसरं साहित्यावर, आणि तिन्ही रसातळाला निघाली होती. आत्याचा आवाज एकसुरी, स्वच्छ. स्वल्पविराम, पूर्णविराम. बापाचा राग ती विरामचिन्हांसकट वाचत होती.

"'...आणि चौदाव्या हप्त्यात ही स्त्री, भर तलावात, परपुरुषाला निर्लज्जपणे म्हणते, अवतरण सुरू, माझा हात सोडू नका, अवतरण पूर्ण.'"

ती थांबली. पेन्सिल कागदावर टेकली आणि आठ महिन्यांत एकदाही न चुकलेली आत्या चुकली. तिनं ते वाक्य खोडलं आणि समासात दुरुस्ती लिहिली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"अवतरण चुकलंय. ती तसं म्हणत नाही. ती म्हणते, 'आता हात सोडा. बुडाले तर बुडाले.'"

"छे छे," काकांनी वही उघडली. वहीत सगळे हप्ते कापून, चारी बाजूंनी सारखा समास सोडून, चित्रांसकट चिकटवलेले होते. "हे बघ. चौदावा. 'माझा हात सोडू नका.' छापलंय स्वच्छ."

"छापलं असेल," आत्या म्हणाली. तिचा स्वर कधी नव्हे तो तापला. "छापताना बदललं. बाईनं हात सोडायला सांगितलेलं वाचकांना आवडणार नाही म्हणून. पण ती तसं म्हणालीच नाही. आठ महिने ती हात सुटायचीच तर वाट बघतेय!"

फुगीनं चष्म्याची काडी तोंडातून काढली.

"तुला कसं ठाऊक?" अण्णांनी विचारलं.

"दुरुस्ती मूळ प्रतीवरून करायची असते, अण्णा. तुम्हीच शिकवलंत."

"मग मूळ प्रत कुठं आहे?"

आत्यानं पिशवी पायानं आणखी आत ओढली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. सवयच नव्हती.

"काका," वहिनी एकदम मध्ये पडल्या, "अकरावा हप्ता आहे का हो वहीत? माझा शिक्षकांच्या खोलीतून कुणीतरी ढापला. मुलांच्या निबंधांच्या वह्यांखाली ठेवला होता."

"तू वाचतेस?" दादा.

"तुम्ही वाचत नाही? गादीखाली तो गठ्ठा मग उंदरांनी आणला वाटतं."

"मी कागदाचा दर्जा बघायला आणतो!"

"फुगीला भूक लागलीय," सूनबाई मोठ्यानं म्हणाली. फुगीला भूक लागली नव्हती. ती दादांकडे बघून खिदळत होती. पण या घरात आल्यापासून सूनबाई एक गोष्ट शिकली होती, की तान्हं मूल मांडीवर असलं म्हणजे कुठलीही सभा बरखास्त करता येते. "अर्धा तास सुट्टी. आत्या, जरा आत येता?"

*

स्वयंपाकघरात वहिनींनी आधण ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमचे केस ओले असतात. आठ महिने मी विचारलं नाही. तलावाच्या पाण्याचा वास मला कळतो, मी शाळेच्या मुलांना नेते तिथं. पण काल पिशवी उघडी होती. म्हणून विसावा नेम वाचला नाही मी."

आत्या ओट्याला टेकली. "म्हणजे तुला कळलं."

"मलाही," सूनबाई म्हणाली. "आत्ता. 'बुडाले तर बुडाले' असं तुम्हीच म्हणता, फुगीला टबात बसवताना."

आत्यानं दोघींकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. आठ महिन्यांचं साठलेलं हसू, थांबता थांबेना. वहिनींनी कपात चहा ओतला तो निम्मा बशीत गेला.

"अण्णांचं काय?" हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "रागावतील त्याचं काही नाही. रागावलेले मी पुष्कळदा पाहिलेत. पण सव्वीस नेम माझ्या आवाजावर उभे आहेत गं. त्रेसष्टावा आज यायचाय. तो मी वाचला तर खोटं, नाही वाचला तर गेला. त्यांचा सगळ्यांत लाडका. मी एकदा पुढे म्हटलं, की पुस्तकात उरेल काय?"

"पुस्तक बारीक होईल," वहिनी म्हणाल्या. "मीसुद्धा व्हायचं म्हणतेय, जमत नाही."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. ताई, तुम्हाला नाव हवंय की नको? एवढं सांगा."

आत्यानं फुगीला घेतलं. फुगीनं तिचं नाक पकडलं, जणू दोघींचं पूर्वीच काही ठरलं होतं.

"हवंय," आत्या फुगीला म्हणाली.

*

बावन्न, साठ, बासष्ट. नेम भराभर जात होते. अण्णा लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

नेम त्रेसष्टावा. जे घरी सांगता येणार नाही, ते बाहेर करू नये.

"पुढे," दादा म्हणाले.

"पुढे."

"पुढे," सूनबाई म्हणाली.

पान आत्यासमोर आलं. अण्णांना तिच्या पेन्सिलीचं टोक दिसलं. अक्षरांखाली टेकलं आणि तसंच उचललं गेलं.

"पुढे," आत्या म्हणाली.

माईंच्या खुर्चीत बसल्यापासून, अठरा वर्षांत, हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. खालून दादांच्या पोरानं काहीतरी विचारायला सुरुवात केली होती, तोही थांबला.

पान काकांकडे आलं. काकांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीकडे धरलं.

"धाकट्या, वाच की."

"पुढे," काका पुटपुटले.

"तू? तू प्रवचनं करतोस!"

"एक पत्र लिहिलं होतं," काका टेबलाला म्हणाले. "निनावी. त्या लेखकाला. की शिट्टीवाल्या माणसाला कृपा करून मारू नका. मागच्या महिन्यात तो आजारी पडला होता ना..."

"हिरव्या शाईतलं?" आत्याच्या तोंडून निघून गेलं. "ते तुमचं होतं? काका, मी ते उशाशी ठेवलंय! तो मरणारच होता. तुमच्यामुळे वाचला!"

ती बोलून गेली, आणि मग सगळ्यांकडे पाहायला तिची मान वर होईना. "मी लिहिते ती," ती हळू म्हणाली. "आणि पोहायलाही जाते. आता बारा हात जाते. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, अण्णा."

रिवाजाप्रमाणे पान सगळ्यांत शेवटी लिहिणाऱ्याकडे जायचं. दादांनी ते अण्णांसमोर ठेवलं. त्रेसष्टावा वाचायला आता एकच माणूस उरला होता.

अण्णांनी आपलंच वाक्य पाहिलं. ते त्यांनी तिशीत लिहिलं होतं, एका बैठकीत, एकही शब्द न खोडता. तेव्हा सांगण्यासारखं नाही असं त्यांच्याकडे काही नव्हतं. आणि आता त्यांना न्हाव्याच्या दुकानातली ती खुर्ची आठवली, आरशाखालचा साप्ताहिकांचा ढीग आठवला, आणि सतराव्या हप्त्याला बाई पहिल्यांदा पाठीवर तरंगली तेव्हा तोंडाला फेस असतानाच आपण हसलो आणि फेस नाकात गेला, तेही आठवलं.

"पुढे," अण्णा म्हणाले.

"तुमच्यापुढे कुणी नाही, अण्णा," दादा म्हणाले.

"ठाऊक आहे मला. चार महिने झाले, माझी दाढी दर गुरुवारी दोनदा होते. एकदा सकाळी घरी, एकदा न्हाव्याकडे. तो तोंडानं बोलत नाही, पण वस्तऱ्यानं हसतो."

आधी वहिनी फुटल्या. मग काका, आणि त्यांचं हसणं बघून सूनबाई, आणि सगळ्यांचं बघून फुगी, जिला टेबलावर तळवे आपटायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळालं नसतं. एकटी आत्या हसत नव्हती.

"मग प्रस्तावना?" तिनं विचारलं. "चार पानं? ती निर्लज्ज आहे म्हणून?"

अण्णांनी तांबडी पेन्सिल दोन्ही हातांत धरली. "पोरी, मला ती फार आवडली. या वयात एखादी गोष्ट एवढी आवडते म्हणजे तिच्यात काहीतरी खोट असणार, असं मला वाटलं. जन्मभर मी असाच हिशेब केला. जे गोड लागलं त्याच्याविरुद्ध एक नेम. आणि ते वाक्य मला खटकलंच होतं. 'हात सोडू नका.' एवढी पुढे आलेली बाई असं कशी म्हणेल? 'आता हात सोडा.' हे बरोबर आहे."

"हो ना?" आत्या पुढे झुकली. चाळीस वर्षांची मुद्रितशोधक क्षणभर नाहीशी झाली होती. "मी संपादकांना तेच सांगितलं!"

"गाढव आहे तो."

"अण्णा! नेम अडुसष्टावा! अपशब्द नको!"

"अडुसष्टावा यंदा कोण वाचतंय ते बघूच," अण्णा म्हणाले, आणि त्रेसष्टाव्या नेमावर त्यांनी तांबडी रेघ ओढली. रेघ सरळ आली. ती ओढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या सव्वीसांतले तुझे किती आणि माझ्यासाठी पाळलेले किती? खरं सांग."

आत्यानं बोटं मोजली. "पंधरा माझे. अकरा पुस्तकासाठी."

"कुठले अकरा?"

"पहिल्या हाकेला उठणं," ती लगेच म्हणाली. "मला झोप फार आवडते, अण्णा."

मग पानं उलटी फिरली. आत्या एकेका नेमाला 'पुढे' म्हणत गेली, आधी चाचरत, मग ऐसपैस. आरशासमोर रेंगाळू नये. पुढे. गोष्टीची पुस्तकं दिवसा वाचू नयेत. पुढे! त्यातले तीन सूनबाईनं वाचून वाचवले, एक काकांनी. नववा मात्र वाचेना कुणी. तेव्हा सूनबाईनं पान फुगीसमोर धरलं, कारण पहिली हाक मारणारी तीच आणि त्या हाकेला जागी असणारीही तीच. फुगीनं नेमाचा कोपरा तोंडात घातला आणि भक्कम आवाजात काहीतरी सांगितलं.

"बरोबर," दादा म्हणाले. आत्यानं ओल्या समासात खूण केली.

दादांनी कागदावर आकडेमोड केली आणि खुर्ची मागे सारून उभेच राहिले. "प्रस्तावनेची चार गेली. नेमांची गेली. अहो, पानं बसली! एकही कोरं पान नाही! पंधरा वर्षांत पहिल्यांदा फर्मा पुरा बसतोय!" ते जिन्याकडे धावले. "चालू कर रे यंत्र!"

"पण प्रस्तावनेच्या जागी काही?" काकांनी जरा खट्टू होऊन विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले. "तुझं प्रवचन काय असेल ते तू बघ."

"माझं अडलंय कुठं? शिट्टीवाला जगला, यावर दोन आठवडे सहज निघतील."

खाली यंत्राचा पहिला धक्का बसला, टेबलावरच्या कपबश्या किणकिणल्या. दादांचा पोरगा शाईचे हात पुसत वर आला. साडेचार वाजले होते.

आत्यानं पिशवीतून प्रूफ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी बघू?" अण्णांनी हात पुढे केला. "फक्त मुद्रितं तपासतो. शेवटी ती पलीकडच्या काठाला पोचते का?"

आत्यानं दोन्ही तळव्यांनी मजकूर झाकला. "गुरुवारी कळेल."

"मी बाप आहे तुझा!"

"नेम सतरावा. आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबावे. तो तुम्हीच लिहिलाय."

"मग वरचं तरी बघू दे."

तिनं तळवे खाली सरकवले. शिरोभाग उघडा राहिला. अण्णा वाकले. लेखकानं दुसऱ्याच्या प्रुफाला पेन्सिल लावू नये, हा नेम त्यांनी कधी पुस्तकात घातला नव्हता, पण जन्मभर पाळला होता. त्यांनी आत्याची काळी पेन्सिल उचलली.

"इथं एक चूक आहे," ते म्हणाले. "शब्द गळलाय."

'लेखिका' या शब्दापुढच्या कोऱ्या जागेत त्यांनी गळलेल्या मजकुराची खूण केली, छोटी, टोकदार, नियमाप्रमाणे. मग समासात लिहू लागले. हे नाव त्यांनी आणि माईंनी अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, पाळण्यावर वाकून, नऊ नावांतून निवडलं होतं. एकेक अक्षर त्यांनी सुटं, ठळक लिहिलं, खिळे जुळवणाऱ्याला शंका राहू नये असं.

मग ते सरळ बसले, चष्मा नीट केला आणि घरच्या रिवाजाप्रमाणे लेकीचं नाव मोठ्यानं, पूर्ण वाचलं.

दादांनी वाकून त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"बरोबर," ते म्हणाले.